शिवराक गांडुळं

भाद्रपद तोंडावर आला की पेडण्याच्या बाजारात माटोळीचं सामान येऊन बसतं. गणपतीच्या डोक्यावर टांगायची ती रानफळांची आणि भाज्यांची चौकट, तिच्यासाठी बायका पहाटे डोंगर उतरून येतात आणि रस्त्याच्या कडेला पोती अंथरून तोरिंजनं म्हणजे पपनसं, आंबाडे, चिबूड, सुपाऱ्यांचे घोस मांडतात. सगळा बाजार ओल्या पानांनी आणि पिकल्या फळांनी घमघमत असतो. मलाही ते सगळं आवडतं, फक्त मावळिंग सोडून. मावळिंग म्हणजे लिंबाचा थोरला भाऊ, जाड सालीचा, खरबरीत, ओंजळीत मावणार नाही एवढा. ते दिसलं की माझं डोकं उठतं. दर वर्षी मी ते घेते, कारण घरात गणपती आहे आणि माटोळीत मावळिंग नसलं तर जाऊबाई वर्षभर ऐकवतील. यंदा विकणाऱ्या बाईनं विचारलंच, "बाई, कित्या इतक्या रागान बघतास तेका? तेणें तुमचें कितें केलां?"

काय सांगणार तिला? पिशवीत टाक म्हटलं आणि निघाले.

राग खरं तर फळावर नाही, एका पावसाळ्यावर आहे. डिचोली तालुक्यातल्या एका गावात मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. लोहखनिजाच्या खाणी बंद पडून वर्ष झालं होतं. रस्त्यावरची लाल धूळ बसली होती आणि तिच्याबरोबर गावही बसलं होतं. घराघरासमोर खनिजाचे ट्रक उभे होते, त्यांच्या टपांवर कोंबड्या झोपायच्या. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मधे फळ्याची एक उभी रेघ एवढीच भिंत. आणि त्या खोलीत मागच्या भिंतीला, जनेलाखाली म्हणजे खिडकीखाली, एका क्रेटमध्ये गांडुळं. ती मी आणली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे सांगितलं होतं, पण मला नव्हे. वरून परिपत्रक आलं होतं की प्रत्येक शाळेनं कचऱ्याचा काहीतरी उपक्रम करावा. बैठकीत सगळे जमिनीकडे बघत होते. शेजारच्या गावातल्या गुरुजींनी तर आधीच दोन पिंप रंगवून ठेवली होती, एक हिरवं, एक निळं. फोटो काढले की उपक्रम संपला. माझ्या तोंडून निघून गेलं, की पिंप रंगवून कचरा कमी होतो का? झालं. हात दाखवून अवलक्षण. "मग तुम्हीच करा ना काहीतरी वेगळं," असं म्हणून आमच्या हेडटीचरनी माझं नाव लिहून घेतलं आणि चहा मागवला. आयुष्यभर माझ्या जिभेनं माझ्यावर अशीच कामं आणून टाकली आहेत. गप्प बसणाऱ्या माणसांचा मला हेवा वाटतो. त्यांची संध्याकाळ किती मोकळी असते.

गांडुळं फोंड्याच्या एका ओळखीच्या बागायतदाराकडून आणली. ओल्या गोणपाटात बांधून, मांडीवर घेऊन, बसनं. शेजारी एक मासळीवाली बसली होती. तिनं गाठोड्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपल्याच धंद्यातली समजून विचारलं, "सुंगटां?" कोळंबी नव्हे, गांडुळं आहेत म्हणून मी खरं ते सांगितलं. ती उठली आणि साखळीच्या स्टँडपर्यंत उभी राहून गेली. सगळ्या बसनं वळून वळून मला पाहिलं. शिक्षकी पेशात मानसन्मान असतो म्हणतात, तो मला त्या बसमध्ये काही सापडला नाही.

घर म्हणून त्यांना म्हापशाच्या बाजारातला मासळीचा जुना क्रेट मिळाला. राखेनं घासला, उन्हात वाळवला, तरी पावसाळी हवेत त्याला बांगड्याचा वास सुटायचाच. तळाला नारळाची सोडणं, म्हणजे काथ्याची सालं, त्यावर शेणमाती, वर ओलं गोणपाट. मुलं भोवती दाटीवाटीनं उभी. मी वर्गात मराठीत बोलते, ती त्यांच्या बोलीत उत्तर देतात, आणि दोघांचंही काही अडत नाही. मी नियम सांगितले. यांना मासळी घालायची नाही, काटे नाहीत, अंडं नाही, तेल नाही, मीठ नाही. कांदा नको, मिरची नको. लिंबू तर अजिबात नको, आंबटानं यांची कातडी जळते. भाज्यांची सालं, पानं, केळीची साल, चहाची पावडर, एवढंच.

ओंकार नावाचा एक चौथीतला होता, गावच्या पुरोहितांचा नातू, सतत काहीतरी निष्कर्ष काढणारा. तो म्हणाला, "म्हणजे तीं शिवराक, टीचर."

शिवराक म्हणजे आमच्याकडे शाकाहारी. पण नुसतं शाकाहारी म्हणून त्या शब्दाचं पोट भरत नाही. सोमवारी शिवराक, एकादशीला शिवराक, श्रावणात शिवराक, चतुर्थीला शिवराक. मासळी खाणारा माणूस ज्या दिवशी देवासाठी मासळी बाजूला ठेवतो, त्या दिवसाचा तो शब्द आहे. कांदा नाही हे ऐकल्यावर तर मुलांना शंकाच उरली नाही. मी हसले. म्हटलं, हो, शिवराक. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दानं पहिले काही दिवस माझं काम फार सोपं केलं. इतर शाळांमध्ये मुलं डब्यात चॉकलेटचे कागद टाकतात. आमच्याकडे एक काटा पडला नाही.

पुढं मात्र नाकापेक्षा मोती जड होऊ लागला. दुपारच्या आहारातला उरलेला पाव घालायचा की नाही यावर वर्गात भांडण लागलं. "पाव सुरेन फुगयतात," एक पोर म्हणाली. माडाची सुर म्हणजे दारूच. मग पाव शिवराक कसा? अर्धा तास गेला. आता पाव सुरेनं कोण फुगवतं, सगळे यीस्ट घालतात, हे मी सांगितलं, तर यीस्ट म्हणजे काय, ते जिवंत असतं का, जिवंत असेल तर ते शिवराक का, असं सुरू झालं. गणिताचा तास त्यात बुडाला. नंतर एक दिवस मी पाहिलं, क्रेटपाशी जाताना मुलं चपला काढत होती. घरी सुकी मासळी खाऊन आलेल्या एका मुलाला गोणपाट उचलू दिलं नव्हतं. "तूं नुस्तें खावन आयलास, हात लायनाका," म्हणून त्याला बाकावर बसवून ठेवलं होतं. तो रडत होता. मी ओरडले. गांडूळ हा किडा आहे, देव नव्हे, त्याला सोवळं नसतं, असं फळ्यावर लिहून मोठ्यानं वाचून घेतलं. सगळ्यांनी सुरात वाचलं आणि मधल्या सुट्टीत पुन्हा चपला काढल्या.

चपला न काढणारी एकच होती. सानिका. तिसरीतली, बारीक, दोन वेण्यांपैकी एक नेहमी सुटलेली. ती अनवाणीच असायची. तिला गांडुळं देवासारखी वाटत नव्हती. तिला ती हवी होती. रोज सकाळी येऊन ती गोणपाट उचलायची, बोटानं माती बाजूला करायची आणि विचारायची, "वाडलीं मगे, टीचर?" वाढली ना? पुस्तकात एक वाक्य आहे, गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे. ते मी पहिल्या दिवशी वाचून दाखवलं तेव्हा तिनं हात वर केला होता. "आमच्या शेताचो इश्ट जातलो?"

मी हो म्हटलं. मित्र सगळ्यांचाच होतो. कुठलाही शिक्षक हेच म्हणाला असता.

तिच्या शेताबद्दल मला हळूहळू कळत गेलं. खाण चालू असताना वरच्या मातीच्या ढिगाऱ्यातून दर पावसाळ्यात लाल गाळ ओढ्यानं खाली यायचा आणि तिच्या घराच्या शेतात बसायचा. थरावर थर. ओला असताना चिखल, सुकला की फरशी. तिच्या जन्माच्या आधीपासून त्यात भात झालं नव्हतं. म्हणजे या मुलीनं आपलं शेत हिरवं कधी पाहिलंच नव्हतं, आणि तरी ती त्याला शेतच म्हणायची. खाण बंद झाली, गाळ यायचा थांबला, आणि तिच्या डोक्यात बसलं की आता फक्त गांडुळं घालायची बाकी आहेत.

मग एक दिवस ती सहज म्हणाली, "बाबा शेत दिवपाचो आसलो, टीचर. ट्रक दवरूंक. भराव घालून. हांवें सांगलें, आमच्या शाळेंत गांडुळां वाडटात, चवथीमेरेन राव. तो हय म्हणलो."

मी पेन खाली ठेवलं. म्हणजे खाणी बंद पडल्यामुळे रिकामे झालेले ट्रक उभे करायला जागा हवी होती, ती जागा म्हणजे तिचं शेत. आणि बापानं चतुर्थीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं ते माझ्या वर्गातल्या मासळीच्या क्रेटच्या भरवशावर. मी तिला समजावून सांगितलं की एवढ्याशा गांडुळांनी एवढं मोठं शेत होत नाही, वर्षं लागतात, गाळ काढावा लागतो, शेणखत घालावं लागतं. ती शांतपणे ऐकत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणानच चड जाय." म्हणूनच जास्त हवीत. आणि उठून गोणपाटावर पाणी शिंपडायला गेली.

आता, इतक्या वर्षांनी, परवा इथं माझ्या घराकडे पंचायतीनं घरोघरी हिरवे डबे वाटले, कचऱ्याचं खत करा म्हणून. शेजारच्या इमारतीतल्या एक बाई मला मार्गदर्शन करा म्हणत होत्या. त्यांच्याकडे कोरे हातमोजे होते आणि फोनमध्ये व्हिडिओ होता. गांडुळांनी घाण वास येतो का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं, नीट ठेवलं तर वास मातीचा येतो. ते खरंच आहे. त्या श्रावणात आमच्या वर्गाच्या खोलीला तो वास होता. छत गळत होतं, फळा ओला व्हायचा, खडू उठत नव्हता, आणि या सगळ्याच्या खाली एक गोडसर काळा वास. हात घातला तर ऊब लागायची. गांडुळं खरंच वाढली होती. सानिकाच्या डोळ्यांतून ते दिसायचं. ती आता विचारत नव्हती, नुसती बघायची आणि हसायची. माझ्याही मनात यायला लागलं होतं, की काय सांगावं, बापानं एक कोपरा जरी ठेवला, एक वाफा, तर त्यात हे खत घालून काहीतरी उगवून दाखवता येईल. चवळी तरी. एक वेल वर आलेला त्या माणसानं पाहिला असता तर भराव घालायला त्याचा हात धजला नसता, असं मला वाटायचं. कुठलं वाटणं कुठं नेऊन सोडतं बघा.

हेडटीचरना प्रदर्शनाची घाई झाली होती. चतुर्थीच्या सुट्टीनंतर तालुक्याचं प्रदर्शन होतं आणि त्यांना क्रेटवर सोनेरी कागद चिकटवायचा होता. "आणि ते नाव सांगा काहीतरी छान. शिवराक गांडुळं! परीक्षकांना आवडेल," त्या म्हणाल्या. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला. जनेलाचा एक गज तुटला होता, तो बसवून द्या म्हणून मी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून सांगत होते. सोनेरी कागद दुसऱ्याच दिवशी आला. गज काही आला नाही.

सुट्टी लागायच्या दिवशी मी क्रेटला पोटभर खाणं घातलं, गोणपाट भिजवलं, आणि वर्गाला बजावलं. आता यांना काही घालायचं नाही, काही म्हणजे काही नाही. सुट्टीभर यांना पुरेल एवढं आहे. मुलांनी मान डोलावली. मुलं ज्या दिवशी इतक्या एकमतानं मान डोलावतात त्या दिवशी काळजी करायची असते.

गणपतीचे दिवस मी पेडण्याला घरात. मोदक, आरत्या, पाहुणे. सानिका एकदा मनात येऊन गेली, चतुर्थी झाली की बाप काय ठरवणार म्हणून. मग जाऊबाईंनी हाक मारली आणि ते राहून गेलं.

शाळा उघडली त्या सकाळी वर्गाचं दार लोटताच वास आला. तो मातीचा नव्हता. दारूच्या भट्टीवर येतो तसा आंबट, डोक्यात जाणारा. क्रेट दिसतच नव्हता. त्याच्यावर ढीग होता. तोरिंजनांच्या फोडी, आंबाडे, फुटलेले चिबूड, सुपाऱ्या, दुर्वा, जास्वंदी कुजून काळ्या पडलेल्या, आणि सगळ्यात वर मावळिंगं, चिरलेली, रस गळणारी. हळद टाकली होती. पिंजर, म्हणजे कुंकू, टाकली होती. कुणीतरी कापूरसुद्धा. सगळ्या गावच्या माटोळ्या तुटलेल्या गजाच्या फटीतून आत आल्या होत्या, ज्याचं विसर्जन दीड दिवसाचं त्याची आधी, ज्याचं पाच दिवसांचं त्याची नंतर. जमिनीवर, बाकांच्या पायांपाशी, भिंतीच्या कडेनं गांडुळं सुकून पडली होती, तुटलेल्या शेवयांसारखी. जी पळू शकली ती एवढंच पळू शकली होती. मी काठीनं ढीग उचकटला. आत वाफ होती, आणि खाली काहीही हलत नव्हतं.

मुलं माझ्यामागे उभी होती, नवे कपडे घालून, कौतुकाची वाट बघत.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"सगळ्यांनी," ओंकार अभिमानानं म्हणाला. "निर्माल्य खंयय उडोवचें न्हय मगे. आजो म्हणलो, न्हंयत सोडात. हांवें म्हणलें, आमचीं गांडुळां शिवराक आसात, तांका दिल्यार देवाक पावता." निर्माल्य कुठंही टाकायचं नसतं, आजोबा नदीत सोडा म्हणाले, पण शिवराक गांडुळांना दिलं तर ते देवालाच पोचतं, असा त्याचा हिशेब.

"मी लिंबू घालू नका म्हणून सांगितलं होतं की नाही? आंबटानं जळतात म्हणून सांगितलं होतं की नाही?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू टीचरला साधी गोष्ट कळत नाही. "तें लिंबू न्हय, टीचर. तें माटोळेचें."

लिंबू नव्हे, माटोळीचं. झाडावर होतं तोवर ते आंबट फळ होतं; देवाच्या डोक्यावर दीड दिवस लटकून आल्यावर त्याचा आंबटपणा गेला. या तर्कात कुठं भोक पाडायचं? मी आयुष्यभर पाठ्यपुस्तकं शिकवली, प्रश्नोत्तरं लिहून घेतली, आणि एका शब्दानं माझं सगळं विज्ञान गुंडाळून देवळात नेऊन ठेवलं. मी किंचाळले. मेली, सगळी मेली, तुम्ही मारलीत, असं म्हटलं. लहान मुली रडायला लागल्या. ओंकारचा चेहरा पांढरा पडला. श्रद्धेनं केलेल्या गोष्टीचं हे बक्षीस त्याला अपेक्षित नव्हतं, आणि मला त्याची कीव यायला हवी होती, ती त्या दिवशी आली नाही.

सानिका रडली नाही. ती गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेची एकेक काडी उचलून तळहातावर ठेवत होती, कुठली हलते का बघत. मग तिनं वर पाहिलं. "आतां आमचें शेत, टीचर?"

हेडटीचर नाकाला पदर लावून आल्या. "प्रदर्शनाला आता काय नेणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नव्हताच. दुपारी मी मुलांना व्हरांड्यात बसवून शिकवत असताना त्यांनी सफाईच्या बाईकडून सगळं उचलून क्रेटसकट गटाराच्या पलीकडे टाकायला लावलं. फिनेल ओतलं. वर्गाला दवाखान्याचा वास आला आणि त्या म्हणाल्या, "हं, आता बरं वाटतं."

संध्याकाळी मी बस चुकवून सानिकाच्या घरी गेले. पोरीनं घरी काहीतरी उलटसुलट सांगू नये, तिचा काही दोष नाही, हे बापाला सांगावं, आणि जमलं तर शेतासाठी आणखी थोडी मुदत मागावी, एवढंच मनात होतं. दारात त्याचा ट्रक उभा होता, चारी चाकं जमिनीत रुतलेली. सानिका ओढ्यावर भांडी घासायला गेली होती. तो ओट्यावर बसला होता; उठून त्यानं मला खुर्ची दिली. समोरच ते शेत. मी पहिल्यांदाच पाहत होते. लाल, सपाट, मधे पाण्याचं एक डबकं, कडेनं लव्हाळ्याचे चार झुबके. त्या क्षणी मला माझ्या चवळीच्या वेलाची लाज वाटली.

मी बोलायला लागले तर त्यानं मधेच थांबवलं. "टीचर, शेत हांवें दिलां. श्रावणांतच दिलां. पावस गेल्यार भराव पडटलो."

"अहो, पण तुमी तिका चवथीमेरेन रावतां म्हणून सांगललें न्हय?"

"सांगललें." तो खाली बघत होता. "तें भुरगें, सानिका, रोज गांडुळांचें सांगी. म्हज्या बापायन जेन्ना भात लायलें, तेन्ना तो अशेंच सांगी, आयज इतलें वाडलें म्हणान. हांव कितें म्हणटलों? रावतां म्हणलें." मग त्यानं हळूच विचारलं, "आतां तीं मेलीं न्हय? तर अशेंच म्हणूया. गांडुळां मेलीं म्हणान शेत गेलें. बापायन दिलें म्हणचे परस तिका तें बरें दिसतलें."

मला काय संताप आला ते सांगता येणार नाही. म्हणजे हा माणूस श्रावणापासून मोकळा झाला होता, आणि मी महिनाभर या क्रेटकडे बघून रात्री कूस बदलत होते. आणि आता शेत गमावल्याचं ओझं कुणावर? त्या मेलेल्या किड्यांवर, म्हणजे माझ्यावर, ओंकारवर, त्या नवे कपडे घातलेल्या सगळ्या पोरांवर. ती मुलगी जन्मभर म्हणणार, शाळेत नीट सांभाळली असती तर आमचं शेत राहिलं असतं. "हांव तिका फट सांगचें ना," मी म्हटलं. मी खोटं बोलणार नाही. तुमचं तुम्ही सांगा, नाहीतर उद्या मी सांगते. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही, ते पाहायला मी थांबले नाही. तसं पाहिलं तर तो वाईट माणूस नव्हता. त्यानंही दुसरं काय करायचं होतं? ट्रक हाकणाऱ्या हातांनी त्याला त्या शेतात भात लावता येत नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच राग जास्त येत होता. ज्याच्यावर ओरडावं असा एक माणूस त्या सगळ्या गावात मला सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन बसच्या प्रवासात मी वाक्यं जुळवली. सानिका, तुझं शेत गांडुळांमुळे गेलं नाही. सानिका, मोठ्या माणसांना कधीकधी. नाही, ते नको. साधं सांगायचं. तुझ्या बाबांनी ते आधीच दिलं होतं. तू काही चुकली नाहीस. डिचोलीच्या स्टँडवर उतरेपर्यंत हे सगळं पाठ झालं होतं, मुलांकडून कविता पाठ करून घ्यावी तसं. शाळेची वाट चढताना मी ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

ती दारात उभी होती, माझ्याही आधी आलेली. दोन्ही हातांत नारळाची करवंटी, वरून केळीचं पान झाकलेलं. तोंड फुललं होतं.

"टीचर, आमचे न्हाणयेकडेन मेळ्ळीं." तिनं पान बाजूला केलं. न्हाणीघराच्या पाण्यावरची काळी माती, आणि तिच्यात पाच-सहा गांडुळं. आमच्या क्रेटमधल्यांसारखी तांबडी, चपळ नव्हेत. साधी, फिकट, परसातली. "हांवें काल रातीं सोदलीं. बाबानूच बॅटरी धरली."

"बाबांनी?"

"हय. हांवें तेका सांगलें, तीं मेलीं, पूण हांव परत वाडयतलें. तो म्हणलो, बरें तर. आनीक एक वर्स रावया."

माझी पाठ केलेली वाक्यं जिथल्या तिथं राहिली. मी त्याला सांग म्हटलं होतं, आणि त्यानं सांगितलं ते हे. पाऊस संपायला महिनासुद्धा नव्हता. दिवाळीच्या आधी तिच्या दारासमोर भराव पडणार होता, ती रोज तिथून शाळेत येणार होती, आणि बापानं बॅटरी धरून तिला एक अख्खं वर्ष काढून दिलं होतं. मी तोंड उघडलं. तिनं करवंटी माझ्यापुढं धरली.

मी तिच्या डोक्यावरून आत वर्गात पाहिलं. जनेलाखाली क्रेटच्या जागी फिनेलनं पांढरी पडलेली एक चौकोनी फरशी होती.

"टीचर, खंय घालूं?" तिनं विचारलं.

कुठं घालू? मी खांद्यावरची पिशवी दारात ठेवली.

"बेगीन सांगात, टीचर," ती म्हणाली. "माती सुकता."